मादी झाडांचा गाळा

“माझ्या माणसानं जल्मात तंबाखू मळली न्हाय, नि तुमी त्याला गांजावाला केलात? सोडा त्याला. न्हायतर मना पन टाका आत, दोघं एका जागेला ऱ्हाऊ.”

पोलीस ठाण्याच्या दारात उभी राहून ती बाई ओरडत होती. तिच्या मागे दापोड्याच्या बायकांचा अख्खा टेम्पो रिकामा झालेला. माझा स्वतःचा आवाज असा, की मी कल्याण नाक्यावर एखाद्याला दटावलं तर धामणकर नाक्यावरचे रिक्षावाले आपोआप रांगेत लागायचे. पण त्या बाईपुढे मी म्हणजे डासाची गुणगुण. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा चहा बशीत सांडला. लॉकअपमधला एक पाकीटमार, ज्याने आल्यापासून तोंड उघडलं नव्हतं, गजाला धरून म्हणाला, “साब, मैं सब बताता हूँ. पहले इनको बाहर भेजो.”

निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. कितीतरी खून आणि दरोडे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र अजून वेगळं उभं आहे. तारखेसकट नाही, पण वासासकट आठवतं.

बाईचा नवरा आमच्या गुन्ह्यातला आरोपी नंबर एक. गावात त्याला सगळे दादूस म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो. पन्नाशी ओलांडलेला आगरी माणूस. बापजाद्यांची भातशेती होती, तिच्यावर आता त्याचा गाळा उभा होता. गाळा म्हणजे गोदाम. दापोड्यात तेव्हा जिथे बघाल तिथे गाळे. आणि याच्या गाळ्यात सापडलं होतं गांजाचं पीक. लागवडीच्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि हाती लागलेल्या मालाचं वजन जास्त भरलं तर शिक्षाही त्याहून जड. वर या कायद्यात जामीन म्हणजे वाळूतून तेल काढणं. बाई ओरडत होती ते उगाच नव्हे.

आता सुरुवातीपासून सांगतो.

दोन हजार सालानंतरची, भारनियमनाची ती वर्षं. वीज गेली की नारपोलीतले यंत्रमाग थांबायचे आणि गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. अशाच एका बंद दुपारी माझा खबऱ्या आला. रिक्षा चालवायचा, आणि त्याचं नाक असं की मी पोलीस क्लबात काय जेवलो ते चार गल्ल्या अलीकडून सांगायचा.

“साब, दापोडे में एक गाला है,” तो म्हणाला. “गाडी लगती नहीं. माल चढता नहीं, उतरता नहीं. हमाल भी नहीं. मगर लाइट जाती है तो जनरेटर चालू. अंदर एसी चलता है, साब. खाली गाले को गर्मी होती है क्या?”

लोकांना वाटतं पोलीस पाठलाग करून गुन्हे पकडतात. खोटं. एखाद्या ठिकाणी जे व्हायला हवं ते होत नाही, एवढं कुणाच्या तरी लक्षात आलं की निम्मा तपास होतो. ज्या दापोड्यात ट्रक लावायला जागा मिळत नाही म्हणून ड्रायव्हर हाणामारी करतात, तिथे एका गाळ्यासमोरची जागा कायम मोकळी.

खबर लेखी नोंदवली, वरिष्ठांना कळवली, दोन पंच घेतले आणि चार वाजण्याच्या सुमाराला छापा टाकला. शटर वर गेलं आणि माझ्याबरोबरचे शिपाई मागे सरकले. आत इतका उजेड, की मला वाटलं शटर उघडताना चुकून सूर्याचा दरवाजा उघडला. मोठमोठे दिवे, पंखे, आणि त्याखाली रांगेत कंबरेएवढी झाडं. वास तर असा, की आम्ही ठाण्यावर परतलो तेव्हा जीपच्या मागे गल्लीतल्या बकऱ्या चालत आल्या. हे खोटं वाटत असेल तर बकऱ्यांना विचारा.

आत एकच माणूस होता. हातात पाण्याचा फवारा, डोळ्यांवर चष्मा, वय पस्तिशीचं. पळाला नाही, घाबरलाही नाही.

“मी साधा माळी आहे, साहेब,” तो म्हणाला. “पगारावर. मालक इथंच दापोड्यात राहतात. गाळाही त्यांचा, मीटरही त्यांच्याच नावावर.”

माळ्याची नखं माझ्या बायकोच्या नखांपेक्षा स्वच्छ होती. मी ते मनात ठेवलं.

दादूसला घरून उचलला. त्याचं म्हणणं, गाळा या माणसाला भाज्यांचं बी ठेवायला तोंडी करारावर दिलेला. आत काय चालतं ते ठाऊक नाही.

“कधी बघायला गेला नाहीस?”

“न्हाय साहेब. भाडेकरू बोल्ला, आतली हवा बिघडते, शटर उगडू नका. मी गाल्याकडं फिरकत पन न्हाय.”

आणि इथेच त्याचं तारू फुटलं. कारण शेजारच्या गाळ्याच्या वॉचमनने जबाब दिला, की दादूस रोज दिवेलागणीला त्या गाळ्याच्या मागच्या बाजूला जातो, थोडा वेळ थांबतो आणि येतो. रोज. जबाब ऐकवला तेव्हा दादूसचा चेहरा सुकला, पण उत्तर तेच, “मी फिरकत न्हाय.”

आमचे वरिष्ठ फाइल मिटून म्हणाले, “गाळा त्याचा, मीटर त्याचं, आणि तो खोटं बोलतोय. आणखी काय हवं तुम्हाला? कोठडी संपली की दोघांनाही जेलात पाठवा. नंबर एक मालक, नंबर दोन माळी.”

मी “हो साहेब” म्हणालो. बाहेर त्याची बायको ओरडतच होती.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला शंका कशी आली? मी फार थोर होतो असं सांगायला आवडलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी तसं सांगितलंही आहे. खरं असं, की झाडं गांजाचीच आहेत आणि त्यांना फुलोरा आलेला आहे, याबद्दल जाणकाराचं मत घ्यायचं होतं. कायद्याला नुसती पानं चालत नाहीत, गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. मुद्देमालाचे नमुने सरकारी प्रयोगशाळेकडे गेले होते, त्यांचा अहवाल यायचा तेव्हा येणार. म्हणून जवळच्या एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना विनंती केली. झाडं अजून जागेवरच होती, बाहेर पहारा. मॅडम लेक्चर संपवून संध्याकाळी आल्या. उंचीने माझ्या खांद्याला, पण आल्या त्या अशा, की पहाऱ्यावरच्या शिपायाने मला सोडून त्यांनाच सॅल्यूट ठोकला.

त्यांनी भिंगातून झाडं बघायला सुरुवात केली. शटरपासून मागच्या पत्र्याच्या पार्टिशनपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

“गांजाच आहे, फुलोराही आहे,” त्या म्हणाल्या. “पण ज्याने लावलं त्याचं वाटोळं झालंय. या पिकात बी भरलंय.”

“बी भरलं तर बरंच ना? पीक म्हणजे बी.”

“भाताचं. याचं नाही. इन्स्पेक्टर, यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. लावणाऱ्यांना हवा असतो मादीचा फुलोरा, तोही कोरा. नराचे परागकण पडले की मादी आपली ताकद बी धरण्यात घालवते आणि मालाची किंमत जाते. म्हणून नर दिसला की उपटतात. इथे एकही नर झाड नाही.”

“मग हे पाप कुणाचं?”

“पाप नाही, पराग,” मॅडम म्हणाल्या. हसल्या नाहीत. मला मागच्या रांगेतलं एक झाड दाखवलं. हिरव्या फुलोऱ्यातून इवलेसे पिवळे घड बाहेर आले होते, मुंगीच्या लग्नात केळी वाढावीत एवढाले. “ही नरफुलं. मादी झाडालाच आलेली. झाड उभयलिंगी झालंय. स्वतःचं बी स्वतःच धरलं, आणि पंख्याच्या वाऱ्यावर पराग पाठवून शेजारणींचंही.”

मी नोकरीत सगळ्या प्रकारचे गुन्हे पाहिले होते, पण हे ऐकून मी टोपी काढून डोकं खाजवलं.

“असं का होतं?”

“दोन कारणं. काही वाणांच्या रक्तातच ते असतं, तिथे निमित्तही लागत नाही. वाण चांगलं असेल तर मात्र कशाने तरी ते छळलं जावं लागतं. उष्णता, तहान, किंवा त्याच्या अंधाराच्या वेळेत उजेड. हे झाड रात्रीवरून हंगाम ओळखतं. रात्र रोज फाटकी मिळाली की ते गडबडतं.”

“मुद्दाम करत असेल तर?”

“चांगला प्रश्न,” त्या म्हणाल्या. (ही दाद मी पुढे कित्येक समारंभांत सांगितली.) “पैदास करणारे मुद्दाम करतात. मादीच्या परागातून जे बी होतं त्यात नराचा वारसाच नसतो, रोपं जवळपास सगळी मादी निघतात. त्या बियाण्याला मागणी असते. पण ते एखादंच झाड वेगळं ठेवून करतात, आणि तेही सहजासहजी न बिघडणाऱ्या वाणाचं. जे झाड जराशा निमित्ताने फिरतं, त्याची संततीही फिरते. अख्खं पीक घालवून असं बी कुणी करत नाही. आणि हे बघा, नरफुलं फक्त मागच्या रांगांत आहेत. पार्टिशनपासून लांब जाल तशी नाहीशी. म्हणजे जे काय झालं ते त्या पत्र्यापासून झालं. काय आहे तिकडे?”

“मीटर रूम,” मी म्हणालो. छाप्याच्या दिवशी ती आमच्या हवालदाराने तपासली होती. मागच्या गल्लीतून दार, आत काही नाही, असं त्यानेच पंचांना सांगितलं होतं.

मॅडम म्हणाल्या, “सगळे दिवे बंद करा. शटर पाडा.”

बंद केलं. गाळ्यात असा काळोख झाला, की माझा हात मलाच अनोळखी वाटला. मॅडम, मी आणि एक शिपाई. पंखे थांबलेले. बाहेरच्या रस्त्यावर ट्रकचा एखादा हॉर्न, बाकी काही नाही. थोडा वेळ गेला. मी “काही नाही, चला” म्हणणार, इतक्यात पत्र्यावर चांदणं उगवलं. खरंच चांदणं. खिळ्यांची जुनी भोकं, सांध्यांच्या फटी, सगळीकडून पिवळे किरण आत आले आणि मागच्या दोन रांगांवर पडले.

मॅडम हळूच म्हणाल्या, “हे बघा.”

माझ्या अंगावर काटा आला तो विज्ञानामुळे नव्हे. गाळ्याचा मालक माझ्या लॉकअपमध्ये. माळी माझ्या लॉकअपमध्ये. गाळ्याला माझा पहारा. मग आत्ता तिकडे उजेड कुणी केला?

मी रिव्हॉल्वर काढलं, शटरखालून बाहेर पडलो आणि भिंतीला धरून मागच्या गल्लीत गेलो. कोपऱ्यावर थांबलो. मीटर रूमचं छोटं पत्र्याचं दार अर्धं उघडं. दाराबाहेर बुटांचा जोड नीट लावून ठेवलेला. सरकारी बूट.

“हात वर,” मी ओरडलो. कल्याण नाक्याला ऐकू गेलं असेल.

आतून आमचा हवालदार बाहेर आला. अनवाणी, टोपी काखेत, हात वर. पलीकडच्याच गावचा, तोही आगरी, तीस वर्षांची नोकरी, कधी एक शिक्षा नाही. त्याच्या मागे मी पाहिलं. मीटर होतंच, भिंतीला. खाली शेंदूर फासलेला गुडघाभर दगड, पुढे नारळ, झेंडूची शिळी माळ. आणि वर, उघडा, चाळीसचा बल्ब.

“हे काय आहे?”

“शेताचा राखनदार, साहेब.”

“तू छाप्याच्या दिवशी म्हणालास काही नाही.”

“मीटर रूमच हाय ना साहेब. मीटर हाय.” मग मान खाली घालून म्हणाला, “याला रोज दिवेलागनीला दिवा लागतो, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. लावनारा आत हाय. म्हंटलं आपन लावावा. अंधारात ठेवायचा न्हाय त्याला.”

माझा राग डोक्यात गेला होता, पण सोबत दुसरंही काही डोक्यात गेलं. दादूस रोज दिवेलागणीला का यायचा ते कळलं. पण मग तो ते सांगत का नव्हता? देवाला दिवा लावणं हा काय गुन्हा आहे?

ठाण्यावर येऊन दादूसला समोर बसवला. हवालदाराला त्याच्या शेजारी उभा केला. “मी दगड पाहिला,” एवढंच बोललो.

तो माणूस, ज्याने दहा वर्षांच्या शिक्षेचं ऐकून डोळ्यांतून थेंब काढला नव्हता, तो टेबलावर डोकं टेकून रडायला लागला.

“गावाला कलला काय, साहेब?”

“गावाचं काय त्यात?”

हवालदारानेच सांगितलं. तो राखणदार एकट्या दादूसचा नव्हता, त्या सगळ्या खाचरांचा होता. गाळा बांधायच्या वेळी गाव आडवा आला होता. तेव्हा दादूसने शब्द दिला, की विधी करून दगड गावदेवीच्या आवारात नेऊन बसवतो. आणि बसवलाही. पण खाडीवरून आणलेला दुसराच. खऱ्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही. तो जागच्या जागी ठेवला, भोवती पत्रा मारला, सगळ्यांना मीटर रूम सांगितली. भाडेकरूलाही. गाव इतकी वर्षं दुसऱ्याच दगडाला नारळ फोडत होतं.

“जेलात गेलो तर गाव बोलंल, वायट झाला बिचाऱ्याचा,” दादूस म्हणाला. “ह्या कलला तर माझ्या दारात कोन पानी प्याला येनार न्हाय. पोरांची लग्ना कशी व्हायाची?”

“अरे पण दहा वर्षं.”

“तरी चालंल.”

अशा माणसाचं काय करायचं? तो निर्दोष असल्याचा पुरावा त्याच्याच घशात अडकलेला. आणि वरिष्ठांना मी हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बल्ब लावणारा मालक अडाणी भागीदार असेल, पीक त्याचंही असेल. बरोबरच होतं ते. दगडाने दादूस सुटत नव्हता. त्याला सोडवू शकणारा माणूस एकच, पलीकडच्या कोठडीत चहात साखर नको म्हणणारा माळी.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. कोठडीचा शेवटचा दिवस. त्यानंतर कोर्ट, मग जेल, मग दोघांचंही नशीब कागदावर पक्कं.

लोकांना वाटतं चौकशी म्हणजे पट्टा. मी नोकरीत पट्टा फक्त पॅंट वर राहावी म्हणून वापरला. माणसाला कशाचा अभिमान आहे ते शोधायचं आणि तिथे बोट ठेवायचं. चोराला त्याच्या चोरीचा अभिमान असतो, पण तो सांगता येत नाही म्हणून त्याचं पोट फुगलेलं असतं.

“माळीबुवा,” मी म्हणालो, “तुझी केस हलकी होणारसं दिसतंय.”

“कशी?” तो सावध झाला.

“कॉलेजच्या मॅडम येऊन गेल्या. म्हणाल्या, यात काही दम नाही. रस्त्याकडेला उगवते तसली भांग. बी भरलेलं. माद्याच नर झाल्यात.”

त्याचे कान लाल झाले.

“म्हणाल्या, ज्या कोणी हे वाण निवडलं तो गाढव असणार. रक्तातच खोट आहे. मी म्हटलं, मालक अडाणी, भात लावणारा माणूस, कुठून तरी बी उचललं असेल.”

“तुमच्या मॅडमनी काय तपासलं?” तो म्हणाला. आवाज शांत, पण चष्मा काढून पुसायला लागला होता.

“भिंगातून बघितलं. केळ्यांसारखी फुलं. फालतू वाण, असं लिहून देतायत. तुझं काय जातं? तू पगारावर.”

“रक्तात खोट असती तर सगळी फिरली असती. मागच्याच का फिरल्या?”

“तुला माहीत होतं तर.”

“मी माळी आहे, दिसतं मला.”

“दिसत असेल. पण मालकाला काय कळणार? फालतू बी ते फालतू बी.” आणि मी उठलो, फाइल उचलली, शिपायाला म्हणालो, “घेऊन जा याला.”

तो उठला नाही.

“फालतू नाही,” तो म्हणाला. मग खुर्चीचे हात धरून ओरडला, “फालतू नाही ते! उन्हात होरपळवलं, पाणी तोडलं, जे झाड फिरलं ते मुळासकट जाळलं. जे टिकलं त्याचंच बी धरलं. वर्षं घातली मी त्यात. नर्सरीत जाऊन बघा, त्याच बियाची झाडं उभी आहेत, एक फिरलेलं दाखवा. या गाळ्यात कुठून तरी उजेड येत होता. रात्री थांबलो तर लोकांच्या नजरेत आलं असतं, म्हणून दिवसाच शोधायचो. शटरला रबर लावलं, छताची भोकं बुजवली, तरी रोज नवीन नरफूल. कुठून येत होता ते...”

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मी परत बसलो. “मीटर रूममधून,” मी हळू म्हणालो. “बल्ब असायचा. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत.”

“मीटर रूममध्ये बल्ब कशाला?”

“मालकाने लावला.”

“त्या म्हाताऱ्याने मला सांगितलं तिथे फक्त मीटर आहे! त्याला काय गरज...”

“हेच विचारतोय,” मी म्हणालो. “तो तुझा मालक ना? पीक त्याचं ना? मग मालकाने स्वतःच्याच पिकावर उजेड पाडायचा, आणि तो स्वतःच्याच माळ्यापासून लपवायचा?”

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, “साखर घालून चहा मिळेल?”

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण आरोपीने सांगितल्यावरून जी वस्तू सापडते ती टिकते. पंच बोलावले, निवेदनाचा पंचनामा केला आणि त्याच्यासोबत शहापूरच्या बाजूला त्याच्या नर्सरीत गेलो. पुढे गुलाब, मोगरा, शोभेची झाडं. मागे जाळीत गांजाची झाडं, आणि घट्ट झाकणाच्या बरण्यांत निवडलेलं बी. तिथले गडी त्याला बघून उठून उभे राहिले आणि म्हणाले, “शेठ, कुठं होतात?” जागा त्याच्या नावावर, गडी त्याचे, गाळ्यातल्यासारखेच दिवे खोलीत रचलेले. दादूसला तिथे कुणी ओळखतही नव्हतं.

त्याच संध्याकाळी वरिष्ठांसमोर उभा राहिलो. अर्धा तास त्यांनी मला सोलून काढलं. मग मॅडमचं मत वाचलं, नर्सरीचा पंचनामा वाचला आणि म्हणाले, “मालकाविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल पाठवा.” दादूस सुटला. माळीबुवाला पुढे शिक्षा लागली. कोर्टात तो मॅडमची उलटतपासणी ऐकत होता, आणि त्यांनी ‘वाण मुळात चांगलं होतं’ असं सांगितलं तेव्हा, शप्पथ सांगतो, तो आरोपीच्या पिंजऱ्यात खुश दिसला.

मीटर रूमचा पंचनामा मी स्वतः लिहिला होता. त्यात एक वाक्य आहे, ‘खोलीत मीटर, एक चालू बल्ब व एक दगड आढळला.’ खोटं एक अक्षर नाही. पंच मी नारपोलीहून आणले होते, त्यांना दगडाशी देणंघेणं नव्हतं. कोर्टात दगडाबद्दल कुणी विचारलं नाही. आता इतक्या वर्षांनी लिहितोय, तर गाळा कुठल्या बाजूला ते मी सांगणार नाही, आणि दापोड्यात गाळे इतके, की शोधणारा म्हातारा होईल.

या प्रकरणाने मला एक धडा दिला, तो नव्या अधिकाऱ्यांना मी आवर्जून सांगत असे. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे कळलं की आपण खुश होतो. आपल्याला वाटतं, तो आपला गुन्हा लपवतोय. पण प्रत्येक माणसाकडे लपवायला त्याचं स्वतःचं काहीतरी असतं, आणि ते आपल्या गुन्ह्याच्या शेजारी नुसतं राहायला आलेलं असू शकतं. खोटं पकडणं सोपं. ते कशासाठी बोललं गेलं हे कळेपर्यंत थांबणं कठीण. आमच्या नोकरीत थांबायला कुणी सांगत नाही. थांबायला लागलं ते झाडांमुळे. झाडांनी तरी जबाब बदलला नाही.

दादूसला सोडलं तेव्हा त्याची बायको न्यायला आली होती. या वेळी टेम्पो नव्हता, एकटीच, आणि एक शब्द बोलली नाही. मी त्यांच्यासोबत फाटकापर्यंत गेलो. माझं मन भरून आलं होतं, एवढं मोठं संकट टळलं होतं. मला वाटलं या माणसाला आता काहीतरी मोठं सांगावं.

“दादूस,” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, “गाळ्याचं सील काढायचा अर्ज कोर्टात दे. पण मग विचार कर. गावाला खरं सांग, चार लोकांच्या पाया पड, गाळा पाड आणि ती जागा मोकळी कर. परत असल्या भानगडीत पडू नकोस. काय करणार आता त्या गाळ्याचं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“भाड्यानंच देनार, साहेब,” तो म्हणाला. “दुसरा काय करनार? शेत हाय कुठं?”